मागच्या सीटवरून दिलेलं बयान

"बाबा म्हणतात, या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही." सुनंदाताईंनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

ताई आदिलाबादजवळच्या बेला गावच्या शाळेत शिकवतात. वडील आबाजी, तहसीलमधून रिटायर झालेले. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आठवड्यातून दोनदा आदिलाबादला फिजिओथेरपीसाठी यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीचे महिने व्यायाम चुकला तर पाय पुन्हा धड चालणार नाहीत. दोन खेपा चुकल्याही होत्या. आदिलाबादला सस्पेन्शनचं काम करण्यात माझी बावीस वर्षं गेली, पण एखाद्याचं चालणं माझ्या पान्यावर अडलंय असं पहिल्यांदाच ऐकत होतो.

गाडी साधी हॅचबॅक. सगळं घर बसलं की स्पीड ब्रेकरला तिचं पोट घासायचं, म्हणून ताईंच्या भावानं नागपूरहून कडक स्प्रिंग आणून बसवल्या होत्या. पोट घासणं थांबलं. शॉक अॅब्सॉर्बर मात्र कंपनीचेच ठेवले.

इथे थोडं समजून घ्या. नाव शॉक अॅब्सॉर्बर असलं तरी धक्का झेलते ती स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग उसळी मारते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ते हेलकावे थांबवणं हे शॉकचं काम. आतल्या बारीक भोकांतून तेल जातं आणि हालचालीला अडवतं. स्प्रिंग दबताना अडवतं त्याला बंप म्हणतात, सुटताना अडवतं त्याला रिबाउंड. कडक स्प्रिंग जोरात सुटते, तिला धरून ठेवणं मऊ शॉकच्या आवाक्याबाहेरचं. मी गाडीची मागची बाजू दाबून सोडली. तीनदा डोलली. हेच हेलकावे आबाजींच्या कमरेला सोसत नव्हते.

"सोपं आहे," मी ताईंना म्हणालो आणि दुकानातले सर्वांत कडक, हेवी ड्युटी शॉक बसवले.

मग ट्रायल. आमच्या गॅरेजात रिकाम्या गाडीची ट्रायल घेत नाहीत. डिकीत सरकीच्या पेंडीची दोन पोती, सीटवर चार माणसं, मगच गाडी बाहेर. कारण आमच्याकडे गाडी रिकामी निघतच नाही. आदिलाबादला चाललात म्हटलं की शेजारचे काका बसतात, त्यांच्यासोबत त्यांचं पोतंही. ट्रायल झकास झाली. मी स्वतःवरच खूश.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला. ताईंचा नव्हे, थेट आबाजींचा.

"गाडी दुरुस्त केली म्हणता?"

"हो आबाजी. काऊन, अजून डोलते काय?"

"डोलत नाही. आता ठोसे मारते. रस्त्याच्या हरेक ठिगळाले कमरेत एक ठोसा. तुमी माझं बयान घेतलं होतं काय?"

"नाही."

"मंग फैसला कसा दिला? या इकडं."

गेलो. ताई चालवायला बसल्या, आबाजी मागे, त्यांच्याजवळ अंग चोरून मी. ऑपरेशनपासून ताई गाडीत तिसऱ्या कुणाला घेतच नव्हत्या. आबाजींना अर्धवट आडवं व्हायला अख्खी मागची सीट लागायची. म्हणजे गाडी रिकामीच होती आणि मी शॉक निवडले होते पोत्यांसाठी. बेल्याबाहेर पडेपर्यंत माझीच कंबर बोलायला लागली. मला मनापासून लाज वाटली.

"लिहून घ्या," आबाजी म्हणाले. "पैले शॉक होते तवा खड्ड्यात जातानी तकलीफ नव्हती, बाहेर निघल्यावर हेलकावे. आता हेलकावे नाही, पन जातानीच ठोसा."

बावीस वर्षांत इतकी नेमकी तक्रार कुणी सांगितली नव्हती. परत येऊन मी स्प्रिंगवरचा नंबर वाचला आणि ती बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, "भाईसाब, कड़क स्प्रिंग को रिबाउंड ज़्यादा चाहिए था। आपने बंप भी उतना ही बढ़ा दिया।"

आबाजींनी हेच सांगितलं होतं, फक्त कचेरीच्या भाषेत.

या वेळी असे शॉक मागवले, ज्यांचा बंप जवळपास मूळ शॉकइतका मऊ आणि रिबाउंड नॉब फिरवून कमीजास्त होतो. हेवी ड्युटीवाले काढून ठेवले. पोती खाली, चार माणसं खाली. आबाजींना मागे बसवून बेल्याच्या रस्त्यावर निघालो; ताई चालवत होत्या, मी त्यांच्या शेजारी. नॉब अर्धा फेरा फिरवला होता, गाडी डोलली. थांबून उतरलो, नॉबला पूर्ण एक फेरा दिला.

"आता?"

"बोलू नका. पाहू द्या."

ठिगळं गेली. स्पीड ब्रेकर आला, गेला. गाडी एकदा उठली, बसली आणि स्थिर झाली. मी मागे वळून त्यांच्याकडे पाहत होतो. चेहऱ्यावर काही नाही.

"सुनंदा, गाडी मांगं घे. त्या ब्रेकरवरून पुना जाऊ. एका वाचनात मी कोनत्या कागदावर सही नाही केली."

पुन्हा गेलो. आबाजींनी कमरेखालची उशी काढली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मंजूर. मास्तरीनबाई, गुरुवारी किती वाजता निघाचं?"

ताईंनी गाडी कडेला घेतली. डोळे पुसले, मग पुन्हा गियर टाकला.

त्यानंतर एकही खेप चुकली नाही. चार महिन्यांनी आबाजी गॅरेजात आले. ताईंनी गाडी फाटकाबाहेरच लावली होती. फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत ते काठी टेकत एकटे चालत आले, खुर्ची ओढून बसले आणि चहा सांगायला लावला.

माझ्या जॉबकार्डवर आता सगळ्यात वर एक रकाना आहे: गाडीत कोण बसतं? स्प्रिंगचा नंबर त्याच्या खाली लिहितो.