तिसऱ्या खांबापर्यंत

नाइट व्हिजनची दुर्बीण घेऊ की थर्मल, हा प्रश्न मला बारा वर्षांत हजारदा तरी विचारला गेला असेल, आणि खरं उत्तर मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. नाइट व्हिजनला थोडा तरी उजेड लागतो, चांदणं का होईना. पण तिच्यातून जनावराचे कान, शेपटी, गळ्यातला पट्टासुद्धा दिसतो. थर्मलला उजेड नको. तिला अंगाची ऊब दिसते. ती ऊब कुणाची, हे मात्र ती सांगत नाही, आणि स्वस्तातली असली तर लांबचं जनावर म्हणजे नुसता पांढरा ठिपका. तेव्हा अंधारात शोधायला थर्मल घ्यावी आणि गोळी झाडण्याआधी ओळखायला नाइट व्हिजन. झालं, एवढंच. पण एवढं खरं सांगत बसलो असतो तर आमच्या दुकानातला निम्मा माल कपाटातच म्हातारा झाला असता.

दुकान दुबईत, शिकारीच्या आणि वाळवंटात हिंडायच्या सामानाचं. मालक पुण्याचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतो. दसऱ्याला दुर्बिणींच्या खोक्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच लोकांच्या गळ्यात मारतो. मला ठेवलं तेव्हा म्हणाला होता, मला आपला माणूस पाहिजे. आपला माणूस म्हणजे पगारवाढ मागायला लाजणारा, हे मला फार उशिरा कळलं.

आमची एक पद्धत होती. दुकानामागे गोदामांचा लांबलचक सरळ रस्ता आहे, कडेला दिव्याचे खांब, दिवे मात्र बहुतेक बंदच. दिवस मावळल्यावरची मगरिबची अजान झाली की गिऱ्हाइकाला मागच्या दाराशी उभं करायचं, हातात थर्मल द्यायची आणि मी त्या रस्त्याने चालत जायचं. म्हणजे सावज मी! गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. मालकाची ताकीद एकच होती, "काका, तिसऱ्या खांबाच्या पुढे जाऊ नका." तिथपर्यंत भंगार थर्मलसुद्धा छान दाखवते. त्याच्या पुढे तिची अब्रू जाते.

हाजी आमचे जुने गिऱ्हाईक, इथलेच, पंचाहत्तरीच्या घरातले. मी त्यांना हाजी म्हणायचो, ते मला सदीक म्हणायचे, म्हणजे मित्र. इथे आमच्यासारख्या सगळ्यांनाच असं म्हणतात, पण ते म्हणायचे तेव्हा खरं वाटायचं. हिंदी माझ्यापेक्षा गोड बोलायचे. इथे बंदूक घेऊन हिंडता येत नाही, म्हणून दर हिवाळ्यात ते परदेशात भावाच्या कुरणावर जायचे. तिथे रात्री मेंढ्यांवर कोल्हे येतात. बरोबर त्यांची सलूकी, लांब पायांची अरबी शिकारी कुत्री. ती दुकानात आली की माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसायची. बायको गेल्यापासून घरात हिच्याशीच बोलतो, असं हाजी एकदा सहज म्हणून गेले होते.

डिसेंबरात ते थर्मल बघायला आले. त्यांनी एकच विचारलं. अंधारात कोल्हा आणि माझी कुत्री साधारण सारखीच दिसणार, मला फरक कळेल ना?

कळणार नव्हता. नाइट व्हिजन घ्या, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? जात होतं. माझा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता, आणि मालकाने सकाळीच सांगितलं होतं की हा पडून राहिलेला पीस गेला तर रिन्यूचं बघू. चोपन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण दारात उभं करणार? मुलगी बारावीत. मी मूग गिळले आणि चालायला लागलो.

तिसऱ्या खांबाशी थांबलो. हाजींनी लांबून हात हलवला, आणखी पुढे जा म्हणून. दाराच्या उजेडात मला तो स्वच्छ दिसला. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो आणि तिथूनच परत फिरलो. हाजी खूश होते. तू डावा पाय ओढत चालतोस, तेवढ्यावरून ओळखलं, म्हणाले. मग तिला का नाही ओळखणार? मी इन्शाल्ला म्हटलं. खोकं बांधून दिलं. व्हिसा रिन्यू झाला, बायकोने शिरा केला, आणि मी तो दोनदा मागून खाल्ला.

फेब्रुवारीत हाजी एकटेच आले. सवयीने मी आधी माझ्या बुटांकडे बघितलं. त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं, झाकणावर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. कुत्री कोल्ह्यामागे गेली होती, झुडपातून परत येत होती. एका गोळीत गेली, एवढंच त्यांनी सांगितलं. मालक हबीबी हबीबी करत धावत आला, फार वाईट वाटलं म्हणाला, आणि त्याच दमात नाइट व्हिजनवर चांगला डिस्काउंट देतो म्हणाला. मला त्याची अशी चीड आली की हातातलं फडकं त्याच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. फेकलं नाही.

हाजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बाहेर अंधार पडला होता. त्यांनी थर्मल उचलली आणि मला म्हणाले, "सदीक, पुन्हा चाल. आज थांबू नकोस."

तिसरा खांब गेला. मागून मालकाची काका, काका अशी हाक आली. मी चालत राहिलो. रस्ता संपला तिथे शेवटच्या खांबाखाली वळून उभा राहिलो, तेवढ्यात फोन वाजला. मी म्हटलं, हाजी, मी इथे आहे.

ते अजून थर्मलमधून बघत होते. मग म्हणाले, "काहीतरी उभं आहे. माणूस आहे की जनावर, सांगता येत नाही."

मी परत येईपर्यंत ते निघून गेले होते. थर्मल पायरीवर ठेवलेली होती. मालकाने ती उलटसुलट करून बघितली, ओरखडा नाही म्हणाला, पुसून ठेवा काका.

त्या रात्री अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी घरच्यांना सगळं सांगितलं. बायको म्हणाली, तुम्ही थोडीच गोळी झाडलीत? मुलीने पुस्तकातून मान वर केली.

"बट यू न्यू इट, बाबा," एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात तीच थर्मल पुन्हा विकली गेली. तिसऱ्या खांबापर्यंत मीच चाललो होतो.