मामांच्या प्रिंटरमधली गोरी मुलगी

माझे मामा नगरला एका कंपनीच्या ऑफिसात होते. नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी घरी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर घेतला, आणि जगातले सगळे फोटो स्टुडिओवाले त्यांच्या लेखी अडाणी ठरले. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. पाथर्डीच्या स्टुडिओत काढलेला माझा चांगला फोटो होता. पोपटी साडी, सावळी मी. मामा म्हणाले, याच्या प्रती घरीच काढू, रंग कसे येतात बघाच.

बघितले. पहिल्या प्रतीत साडी राखाडी आणि मला कावीळ झालेली. मामांनी कागदाला दोष दिला. पुण्याहून चकचकीत कागद आणला, तर तोंड जांभळं. मग शाईला दोष दिला. दरवेळी ते आम्हाला स्क्रीनसमोर उभं करून सांगायचे की इथे बघा, इथे सगळं बरोबर आहे. मुलाकडच्यांनी बहुधा कॉम्प्युटरच बघायला यायचं होतं.

रविवारभर माउस सरकवून त्यांनी शेवटी एक गोरीपान मुलगी बाहेर काढली. साडीही फिकी पडली होती, पण ते कुणी पाहिलंच नाही.

"लई उजळ आलीस," आई म्हणाली.

"मामा, हिच्यातलं माझं फक्त नाक आहे," मी म्हणाले.

मामा समजुतीनं हसले. फोटोत थोडं उजळच काढायचं असतं, हे त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. आईनं तोच फोटो श्रीरामपूरच्या स्थळाला पाठवला.

ती मंडळी आली. मुलाच्या आईनं मला नीट न्याहाळलं आणि आईला शांतपणे विचारलं, "फोटो थोरलीचा होता का?"

मला बहीणच नाही. आईची मान खाली गेली. मामा मात्र स्क्रीनवरचा रंग आणि कागदावरचा रंग यांतला फरक पाहुण्यांना समजावत बसले. पोहे निवले. कळवतो म्हणून गेलेल्या मंडळींनी काही कळवलं नाही, आणि मामांनी निकाल दिला की त्या लोकांना फोटोतलं काही कळत नाही.

पुढच्या स्थळाला स्टुडिओतला मूळ फोटो मी स्वतः पोस्टात टाकला. तिथंच माझं लग्न झालं.

ती गोरी मुलगी मामांनी चौकटीत घालून बैठकीत खिडकीसमोर टांगली, आपली कला म्हणून. वर्षभरात ऊन लागून ती निळी पडली. मामांनी खिडकीला पडदा लावला.