कच्च्या मातीची मूर्ती

सत्तरच्या दशकाच्या आरंभी प्रवरेकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खनन चालू होते. मी इतिहासाचा शिक्षक. सुटीच्या दिवशी वही घेऊन तेथे जात असे. काही सापडले की उत्खननाचे साहेब मात्र मला नव्हे, तर कुंभाराघरच्या एका मजूर बाईला आधी हाक मारीत. खापर हाती येताच ती ओला अंगठा त्यावरून सावकाश फिरवी आणि मगच बोले. तिच्या त्या अंगठ्याचा मला हेवा वाटे.

एकदा बोटभर उंचीची, शिर नसलेली स्त्रीमूर्ती निघाली. माती कच्ची होती. बाईने तोंड उघडण्यापूर्वीच मी घाईने म्हणालो, "या लोकांना भाजण्याचे तंत्र अवगत नसावे."

ती हसली. "मंग हिच्या शेजारी निघालेली मडकी काय उन्हात भाजली व्हय, गुरुजी? पोळ्याचे बैल आमी कच्चेच ठिवतो. पूजा झाली की पान्यात सोडायचे. भाजल्यावर इरघळतील का त्ये?"

साहेबांनी तिचे बोलणे तत्काळ टिपून घेतले. माझे म्हणणे कोणीच टिपले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात तेच शिकवले: मूर्ती कच्ची राहिली ती अज्ञानामुळे नव्हे, विसर्जनासाठी ती मुद्दाम कच्ची ठेवली असावी. वर्ग तल्लीन झाला. एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे कुणी शोधून काढलं?"

"विद्वानांनी," मी म्हणालो.

त्या बाईचे नाव मी कधी विचारले नव्हते. पण ते ठाऊक असते, तरी माझे उत्तर बदलले नसते.