फोटो काढला तं भेव

"फोटो काढला तं भेव, नाई काढला तं भेव." शेजारच्या काकू दाराच्या चौकटीला खांदा टेकून असं म्हणायला लागल्या की ओळखावं, त्यांच्या स्कॅनची वेळ जवळ आली.

सेक्टर सहामध्ये आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. काका इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला, काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्यांना गळ्यातल्या गाठींचा कॅन्सर झाला होता. उपचारांनी तो आटोक्यात आला, पण परत तर येत नाही ना, हे पाहायला डॉक्टर अधूनमधून स्कॅन सांगत. काकू त्याला फोटोच म्हणत, आणि फोटो म्हणून चांगली साडी नेसून जात. तिथे गेल्यावर ती साडी सोडून दवाखान्याचा गाऊन घालावा लागे. "इतके फोटो निंगाले माये, चेहरा एकातई नाई," असं त्या परतल्यावर सांगत, आणि आम्ही दोघी हसत असू.

हे हसणं थांबलं ते रायपूरच्या मोठ्या स्कॅनपासून. काकूंच्या मुलाला ड्यूटी होती म्हणून सोबत मी गेले होते. आधी शिरेतून किरणोत्सारी औषध दिलं, आणि निघताना बजावलं, आजचा दिवस गरोदर बाई आणि लहान मुलांपासून लांब राहा. घरी सून गरोदर. काकू आपल्या फाटकातूनच वळल्या आणि आमच्याकडे येऊन बसल्या. जेवण, झोप, सगळं आमच्याकडे. सून भिंतीपाशी आली तर तिला हातानेच मागे जायला सांगितलं. ताटावर बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "जे दुसऱ्याले बाधते, ते माह्या आंगात का करत असन?"

त्यात मुलाने मोबाइलवर वाचलं की स्कॅनच्या किरणांनीही कॅन्सर होऊ शकतो, आणि ते घरात बोलूनही दाखवलं. पुढच्या भेटीत काकूंनी डॉक्टरांना सरळ विचारलं. माणूस भला होता, खोटं बोलला नाही. किरणांनी धोका थोडा वाढतो, म्हणाले, पण तुमचा जुना आजार परतण्याचा धोका त्याहून मोठा. गरज नसेल तेव्हा मी स्कॅन सांगणार नाही. आणि पुढे एकदा त्यांनी खरंच सांगितला नाही.

आपल्याला वाटेल, काकू सुटल्या. कुठल्या सुटतात! त्या दिवसभर आरशासमोर गळा चाचपत. आत काही वाढत असलं तर आता कळणार कसं? "घर जयते म्हनून बाहीर निंगा, तं उंबरठ्यावर साप," त्या म्हणाल्या. आत आग, दारात साप.

नातू झाला. काकू त्याच्यासाठी पाणी तापवत, त्याचे लंगोट धूत, गोधड्या शिवत. पण त्याला उचलत नसत. तो रांगत जवळ आला की पाय वर घेऊन खाटेवर बसत. सुनेला वाटे, सासूच्या मनात आपल्याबद्दल काही आहे. ती माझ्याकडे येऊन रडली. मी काकूंना समजावलं की डॉक्टरांनी एकाच दिवसाचं सांगितलं होतं, त्याला आता किती महिने झाले.

"मले समजते," त्या म्हणाल्या. "पन हात नाई उठत."

मग जबड्याखाली गाठ आली. ती दाखवली की पुन्हा स्कॅन, म्हणून काकूंनी ती पदराआड ठेवली. केसांना तेल लावताना सुनेच्या बोटांना ती लागली. सून रागावली नाही. तेलाच्या हातांनीच सासूसमोर खाली बसली आणि म्हणाली, "आई, मले तुमी पाह्यजे." दुसऱ्या दिवशी काकू मुलासोबत डॉक्टरांकडे गेल्या.

त्या स्कॅनमध्ये आजार परतलेला निघाला. या वेळी औषधं पुरी पडली नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. घरच्यांनी क्वार्टर सोडलं, जवळच बोरसीला घर केलं. पण हे सगळं नंतरचं.

गाठीचा तो स्कॅन झाला त्या दिवशी त्या मागच्यासारख्या आमच्याकडेच झोपल्या. सकाळी पलीकडे नातू रडायला लागला. सून कामात असावी. काकूंनी नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, परत धुतले. मग ते माझ्यापुढे केले.

"तू पयले धरून पाह्य."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. गार, ओले हात. मला काही होतं का, हे बघत त्या माझ्या चेहऱ्यावरची नजर काढत नव्हत्या. मी हात सोडले नाहीत. पलीकडे रडणं चालूच होतं.

"जाऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जा.

काकू चपला न घालताच गेल्या. जरा वेळाने भिंतीपलीकडचं रडणं थांबलं.