काहीच न करणारा गट

संशोधकाचं आयुष्य सत्याला वाहिलेलं असतं. हे वाक्य माझं नाही. पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर विभागात स्वागत-समारंभ झाला, त्यात प्रमुख पाहुण्यांनी ते हात उंचावून सांगितलं होतं. पाहुणे बरेच उशिरा आले होते. समईची वात वाऱ्यानं विझत होती, म्हणून अखेर सगळे पंखे बंद करून, घामाघूम होत, ज्ञानाचा दीप पेटवण्यात आला. मीही टाळ्या वाजवल्या. माझ्यापुरतं सांगायचं तर मी हार्मोनच्या अभ्यासाकडे वळले ते सत्यासाठी नव्हे. मायक्रोबायॉलॉजीच्या जागा भरल्या होत्या आणि हार्मोनच्या प्रयोगशाळेत एसी होता. तो रसायनांसाठी होता, विद्यार्थ्यांसाठी नव्हता. पण गार हवा असा भेद करत नाही.

आम्ही जबलपूरच्या चेरीताल भागात राहतो. आजोबा फॅक्टरीच्या नोकरीसाठी नागपूरकडून इकडे आले आणि मग कोणी परत गेलं नाही. शेजारी एक काकू राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या, आईच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. माझ्या प्रवेशाची बातमी ऐकून त्या पेढे घ्यायला आल्या.

"म्हणजे थायरॉइडची डॉक्टर होऊन राहिली का तू?"

"तशी डॉक्टर नाही काकू. पीएचडी."

"गोळी लिहून देशील ना पण?"

"नाही."

"अच्छा," काकू म्हणाल्या आणि दुसरा पेढा घेतला. "मग इतके साल काय करशील बापा?"

प्रश्न रास्त होता. पुढची काही वर्षं मलाही तो अधूनमधून पडत असे.

माझा विषय इन्सुलिन होता. शरीर साखर वापरू शकतं ते या हार्मोनमुळे. शरीर त्याला दाद देईनासं झालं की ते जास्त जास्त तयार होत राहतं आणि तरीही साखर चढते. ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही पण होऊ घातला आहे, अशा मध्यमवयीन बायका मला हव्या होत्या. आमच्याकडे याला "शुगर बॉर्डरवर आहे" म्हणतात. जबलपूर फौजेचं गाव असल्यानं बॉर्डर म्हटलं की ऐकणारे जरा सावरून बसतात.

दोन गट करायचे होते. एका गटानं रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास चालायचं. दुसऱ्यानं काहीही बदलायचं नाही. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी दोघांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं आणि फरक बघायचा. एकाच गल्लीतल्या बायका दोन गटांत वाटल्या तर त्या एकमेकींचं बघून वागतील, म्हणून मी गट वस्तीप्रमाणे केले. चालायचं छावणीजवळच्या सदर नावाच्या वस्तीतल्या बायकांनी. काही न करायचं चेरीतालच्या बायकांनी, म्हणजे आमच्या भजनी मंडळानं. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

प्रयोग सुरू केला त्याच वर्षी माझ्या गाईड मॅडम निवृत्त होणार होत्या. त्यानंतर नवा गाईड, आणि नवा गाईड म्हणजे बहुधा नवा विषय. तेव्हा जे काही व्हायचं ते या एका प्रयोगात व्हायला हवं होतं. दुसऱ्यांदा करायला ना वेळ होता, ना मॅडम.

भजन संपल्यावर मी बायकांना त्यांचं काम समजावून सांगितलं. मग काकू बोलल्या.

"सदरवाल्या चालतील, अन् आम्ही बसून राहायचं? काहून?"

"तुलना करायला लागते ना काकू. तुम्ही जशा आहात तशाच राहायचं."

"म्हणजे त्यांच्यापेक्षा वाईट दिसायचं."

"वाईट नाही..."

"बेटा, मी जिंदगीभर पोरांना नंबर दिले. नापास कोणाला व्हायचं आहे ते मला समजतं." त्यांनी टाळ पिशवीत ठेवले. "चलो, तुझ्यासाठी बसतो आम्ही."

तीन महिने मी प्रयोगशाळेतून अधूनमधून काकूंना फोन करत असे. "काही बदल नाही ना?" "काहीच नाही. बसून राहिलो," असं उत्तर येई. मागून आईचा आवाजही येई. आई भजनाला गेलेली असणार, असं मी धरून चाले.

रक्त द्यायला चेरीतालच्या बायका वेळेआधी आल्या. चहासुद्धा न पिता आल्याचा त्याग प्रत्येकीनं वेगवेगळा सांगितला. मी दंडाला पट्टी बांधत होते, नळ्यांवर खुणा करत होते. खाली वाकल्यावर साड्यांच्या काठांखाली पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले. मंडळानं एकत्र खरेदी केली असेल, एवढाच विचार मी केला. सत्याला वाहिलेल्या माणसाची नजर ती एवढीच.

आकडे आले ते उलटे. काही न करणाऱ्या चेरीतालचं इन्सुलिन छान उतरलं होतं. चालणारं सदर होतं तिथेच होतं.

"मशीन देखो," मॅडम म्हणाल्या. मशीन बघितलं. "किट देखो." दुसरं किट उघडून सगळं पुन्हा केलं. आकडे तेच.

"तो अब औरतों को देखो," मॅडम म्हणाल्या.

आधी सदरला गेले. तिथल्या बायका अगदी प्रामाणिकपणे रोज चालल्या होत्या. बाजारातून निघून वळसा घालून अर्धा तास भरत असे आणि तो खव्याच्या जिलबीच्या दुकानापाशी भरत असे. "दीदी, आपने चलने को कहा था, चले," त्यांची म्होरकी म्हणाली. "जलेबी का तो आपने कुछ कहा ही नहीं." हे खरं होतं.

मग काकूंकडे गेले. आई तिथेच बसली होती. माझा चेहरा बघून तिनं पदरानं उगाच चष्मा पुसला.

"काकू, तुम्ही चालत होता?"

"सकाळी. तू उठायच्या आत."

"आणि साखर?"

"चहातली बंद केली. प्रसादाला पेढे बंद, फुटाणे ठेवले. तुझी आई पण होती." आईनं मान डोलावली. "आता तू सांग, आकडे चांगले आले का नाही?"

"चांगले आले म्हणूनच सगळं बिघडलं ना!"

"असं कसं बिघडलं? इतके साल तू शिकून राहिली. आमचं रक्त खराब आलं असतं तर तुझ्या मॅडम काय म्हणाल्या असत्या, चेरीतालची पोरगी अन् चेरीतालच्या बायका अशा?"

मी तुलनेचा सिद्धांत पुन्हा सुरू केला. काकूंनी तो मध्येच थांबवला.

"माझ्या आईचा पाय कापला होता शुगरनं," त्या म्हणाल्या. आवाज शिक्षिकेचा नव्हता. "तू म्हटलं, माझी बॉर्डरवर आहे. अन् मग म्हटलं, बसून राहा. तुझं काम होतं म्हणून हो म्हटलं. पण मी कशी बसून राहू, तूच सांग."

आमच्या प्रयोगाला मान्यता देणाऱ्या समितीनं बरेच प्रश्न विचारले होते. हा त्यात नव्हता. काकूंनी फुटाण्यांची वाटी पुढे सरकवली. मी थोडे खाल्ले.

प्रयोगशाळेतल्या एका सीनियर भैयांनी उपाय सुचवला. "चेरीताल को वॉकिंग ग्रुप लिख दो. चली तो हैं बेचारी. झूठ क्या है इसमें?" तो मॅडमच्या कानावर गेला.

"और सदर को क्या लिखोगे?" त्यांनी विचारलं. "जलेबी ग्रुप?" भैया निघून गेले. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "जो हुआ, वही लिखो. और जल्दी लिखो."

मी तसंच लिहिलं. प्रयोग काय ठरवला होता, काय झालं, का झालं, आणि यातून चालण्याबद्दल ठामपणे काहीही सांगता येत नाही. प्रबंध मॅडमच्या निरोप-समारंभाच्या आदल्या आठवड्यात जमा झाला.

तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक गंभीर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपके कंट्रोल ग्रुप ने एक्सरसाइज़ क्यों की?"

"सर, मेरे लिए।"

परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग परीक्षक म्हणाले, "इंसान पर काम करोगे तो यही होगा," आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. पदवी मिळाली.

दीक्षांत समारंभात अंगावर लाल झूल घालून आम्हाला दुपारभर बसवलं. नव्या प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं की संशोधकाचं आयुष्य सत्याला वाहिलेलं असतं. आई आणि काकू मागच्या रांगेत होत्या, पायांत पांढरे बूट. घरी आल्यावर काकूंनी फुटाणे वाटले आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोरगी डॉक्टर झाली, गोळी मात्र देत नाही.

पुढल्या आठवड्यात प्रयोगशाळेत नवं किट आलं. ते तपासायला कोणातरी निरोगी माणसाचं रक्त लागतं. मी तिथेच होते, उपाशीही होते, म्हणून माझं घेतलं.

शुगर बॉर्डरवर निघाली.