गळ्यातले टोचे

ईडन प्रेरी गावाजवळच्या दुकानात मी माझ्या जुन्या स्नोमोबिलसाठी, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी, पुढच्या नव्या घसरपट्ट्या (स्की) आणि मागे लावायची बॅग घ्यायला गेलो होतो. म्हातारा विक्रेता प्रत्येक स्की उलटी करून तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. शेवटी त्यानं दोरीत ओवलेले दोन लोखंडी टोचे माझ्या गळ्यात घातले.

"तळ्यावरचा बर्फ फुटला, तर हे बर्फाच्या कडेत रोवून पाण्यातून वर यायचं. बॅगेत ठेवू नका. माझ्या भावाचे बॅगेतच होते. बॅग गाडीबरोबर तळाला गेली."

मी मान डोलावली. पार्किंगमध्ये कारच्या सीटबेल्टखाली ते रुतायला लागले, म्हणून काढून नव्या बॅगेत टाकले. वर पाहिलं, तर तो दुकानाच्या काचेआडून बघत होता. मग त्यानं रोजचंच असल्यासारखी पाठ फिरवली.