एका गेटाला तीन कुलपं

मला एक सांगा पावणं, विश्वास कुणावर ठेवायचा? "होतंय की, बिनघोर ऱ्हावा" म्हणणाऱ्यावर, का "न्हाय व्हत" असं तोंडावर सांगणाऱ्यावर?

तीस वर्षं मी कोल्हापुरात दोरखंड, ताडपत्री, साखळ्या आणि कुलपं विकतोय. शाळा नववीत सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. "न्हाय" म्हणणारा निदान दुसरं दुकान गाठायला वेळ तरी देतो. "होतंय की" म्हणणारा आपल्याला पायरीवर बसवून म्हातारा करतो. पण हे शहाणपण दुकानापुरतं. सरकारी मीटिंगमध्ये "न्हाय" हा शब्दच नसतो, हे मला आमच्या भागातल्या युवा समन्वय समितीवर बसल्यावर कळलं. दोन वर्षं बसलो. असले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मांडवाच्या ताडपत्रीवर पाणी साठतं तसे आपोआप साठतात, आणि अधूनमधून खालनं काठीनं ढोसून ओतले नाहीत तर मांडवच अंगावर येतो.

तर आज काठी लावतोय.

*

समितीचं काम कागदावर सोपं. भागातल्या पोरापोरींसाठी जी खाती राबतात, त्यांनी महिन्यातनं एकदा एकत्र बसायचं. शाळेचे हेडसर, महापालिकेचे इंजिनिअर, क्रीडा खात्याचे साहेब, दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम आणि चौकीचा हवालदार. आता यात माझं काय काम?

पहिल्या दिवशी मधल्या खुर्चीवर कोण बसणार यावरनं सगळे पाऊण तास उभे. हेडसर म्हणायचे "साहेब, तुम्ही बसा", साहेब म्हणायचे "छे छे, मान तुमचा", आणि दोघांचीही नजर खुर्चीवर. मीटिंगच्या हॉलाच्या उद्घाटनाला मी ताडपत्री फुकट दिलेली, म्हणून कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो. इंजिनिअर साहेबांना एकदम सुचलं.

"अण्णा, तुमी बसा. तुमी कुणाच्या वरचं न्हाय आनि खालचंबी न्हाय."

असा मी अध्यक्ष झालो. आजवर माझी एवढी अचूक पारख कुणी केली नाही.

*

पहिली मीटिंग दोन तास चालली. त्यातला दीड तास सत्काराचा. शाळेनं महापालिकेचा सत्कार केला, महापालिकेनं क्रीडा खात्याचा, क्रीडा खात्यानं दवाखान्याचा. हवालदाराचा राहिला, तर तो रुसून बसेल म्हणून दोनदा केला. शाल, नारळ, फोटो. फोटोत डोळे मिटले म्हणून परत शाल, परत नारळ, परत फोटो. शेवटी विषयपत्रिकेवरचा पहिला विषय निघाला, 'भागातील युवकांचे प्रश्न', आणि तो वेळेअभावी पुढं ढकलण्यात आला.

जाताना हॉलच्या शिपायानं मला बाजूला घेतलं. "अण्णा, फुडची मीटिंग कवा?"

मला बरं वाटलं. एकाला तरी कळकळ आहे. म्हटलं, "का रं?"

"न्हाय, नारळवाल्याला आदीच सांगून ठिवलं की सोललेलं देतोय."

अध्यक्ष म्हणून माझा पहिला ठराव: नारळ बंद. विरोध एकट्या शिपायाचा.

*

दुसऱ्या मीटिंगला डॉक्टर मॅडम तावातावानं आल्या. त्यांना शाळेतल्या मुलींचं रक्त तपासायचं होतं. शाळेला तीन पत्रं गेली, उत्तर नाही. हेडसर शांतपणे म्हणाले, "आमची तीन उत्तरं गेलीत. तारीख कळवा म्हणून."

शोध घेतला. मॅडमचं पत्र त्यांच्या मोठ्या ऑफिसात जायचं, तिथनं शाळेच्या मोठ्या ऑफिसात, तिथनं शाळेत. उत्तर त्याच वाटेनं उलटं. दवाखाना आणि शाळा यांच्यामध्ये भिंत एक. मॅडमच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं की रडणं हेडसरांना ऐकू येतं.

मी म्हटलं, "सर, मॅडम तुमच्या शेजारीच बसल्यात. आत्ताच तारीख सांगा की."

हेडसर मॅडमकडं वळले, हसले, नमस्कार केला.

"नक्की. उद्याच पत्र पाठवतो."

*

तेव्हा मी दुकानातली एक रीत लावली. गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे मालकांनी आपापसात ठरवायचं नसतं, गिऱ्हाइकाला विचारायचं असतं. तिसऱ्या मीटिंगला मी आमच्या गल्लीतल्या आफरीनला बोलावलं. वय एकोणीस, पोलीस भरतीची तयारी. तिचे वडील दस्तगीरभाई सोफ्यांचं गादीकाम करतात. त्यांनी तिला एकाच भरतीची मुभा दिली होती. झाली तर झाली, नाहीतर इचलकरंजीला आत्याकडं जायचं आणि कारखान्यात कापड तपासायच्या कामाला लागायचं. तसं ठरलेलंच होतं. मैदानी चाचणीला दोन महिने उरले होते.

सगळ्यांनी आवाज मऊ केले. क्रीडा साहेब म्हणाले, "बोल बाळ, तुला काय हवंय? मार्गदर्शन शिबिर? प्रेरणादायी व्याख्यान?"

"मैदानाचं गेट पाटं साडेपाचला उगडं पायजे," ती म्हणाली.

प्रेरणा द्यायला सगळे तयार होते, गेटाचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

हेडसर म्हणाले मैदान महापालिकेचं. इंजिनिअर म्हणाले वापर शाळेचा. क्रीडा साहेब म्हणाले धावपट्टी आमची, गेट नव्हे. हवालदार म्हणाला, "पाटं उगडलं तर दारुडं येऊन बसतील."

"आत्ताबी बसत्यात की मामा. भिंतीवरनं चढून."

"मग तुमी कशा जाताय?"

"आमीबी चढूनच. पर फेकायचा गोळा चार किलोचा हाय. त्यो घिऊन कसं चढायचं, ते तुमीच दावा."

डॉक्टर मॅडम तेवढ्या हसल्या. कुणी "होतंय की" म्हणायच्या आत मीच जाहीर केलं. पुढची मीटिंग गेटासमोर. पहाटे साडेपाचला. उभ्यानं.

*

सगळे आले. झोपमोडीनं माणूस फार खरं बोलतो, हा पहाटेच्या मीटिंगचा गुण मला त्या दिवशी समजला.

गेटाला तीन कड्या, तीन कुलपं. वरचं शाळेचं, मधलं महापालिकेचं, खालचं क्रीडा खात्याचं. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून ज्यानं त्यानं आपापलं लावलेलं. हेडसरांनी वरचं काढलं. क्रीडा साहेबांनी खालचं काढलं. इंजिनिअर साहेबांनी खिसे चाचपले. मधल्याची चावी क्लार्ककडं, आणि क्लार्क रजा टाकून गडहिंग्लजला.

आफरीन गोळा कडेवर घेऊन उभी. बाजारातनं कलिंगड आणलंय असं वाटावं.

मी दुकानातनं कटर आणला. इंजिनिअर म्हणाले, "तोडा. लेखी मागू नका." हवालदार म्हणाला, "मी जरा तिकडं बगतो," आणि तिकडं बघत राहिला. कुलूप तुटलं. महापालिकेला मी नवं दिलं, चाव्या त्यांच्याच हातात.

मग तिन्ही कड्या सोडल्या आणि गेटाला एक साखळी घातली. तिची दोन टोकं एका कुलपानं न जोडता कुलपात कुलूप अडकवलं. शाळेचं महापालिकेच्यात, महापालिकेचं क्रीडा खात्याच्यात, माळ ओवल्यागत. आता तिघांतल्या कुणीही आपलं एक काढलं की साखळी सुटते. ऊसवाले शेतकरी सामाईक वाटेच्या फाटकाला पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. मग त्या माळेत मी चौथं कुलूप घातलं आणि त्याची चावी आफरीनला दिली.

हेडसर घाबरले. "अण्णा, हे नियमात बसतं का?"

"सर, कुलूप तुमचं, चावी तुमची. कुणाचं काढून घेतलंय का काय?"

आफरीन आणि तिच्याबरोबर तयारी करणाऱ्या पोरी आत पळाल्या. इंजिनिअर बराच वेळ ती माळ हातात धरून बघत होते. म्हणाले, "आनि हे करायला आमाला चार म्हैनं लागलं?"

"चार न्हाय," हवालदार तिकडं बघतच म्हणाला, "गेट बसून सा वर्सं झाली."

*

डॉक्टर मॅडमनी पत्राची वाट बघायची सोडून दिली आणि मैदानावरच रक्त तपासलं. पोरींबरोबर हौसेनं हवालदारानंही बोट पुढं केलं. सगळ्यात कमी रक्त त्याचं निघालं.

मॅडम म्हणाल्या, "चौकीला कळवू का?"

"कळवा की. ड्युटी हलकी करतील."

त्याच आठवड्यात दस्तगीरभाई मैदानावर आले. पोरगी खरंच पळायला जाते का, हे बघायला. हाताची घडी घालून कडेला उभे राहिले, चेहरा करडा. मी मनात म्हटलं, आता चावी परत येणार. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. मग ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अण्णा, ती निळ्या टीशर्टवाली कुणाची? तिला सांगा, वळणावर लई बाहेर जातीय. फुकट पळतीय."

दुसऱ्या दिवसापासनं मोबाईलवर वेळ लावायचं काम त्यांच्याकडं. निळ्या टीशर्टवाली त्यांना बघून वळण बदलायला लागली.

*

आणि मग वर्षअखेरची मीटिंग. वर अहवाल पाठवायचा होता. रकाना एकच: आपल्या प्रयत्नांतून किती युवक-युवती भरती झाले?

शाळेनं वाचलं, एक. महापालिकेनं वाचलं, एक. क्रीडा खातं, एक. दवाखाना, एक. चौकी, एक. शिपायानं बेरीज करून मोठ्यानं सांगितली, "पाच." टाळ्या पडल्या. मी पेन उघडलं.

आफरीन मागच्या बाकावर होती. तिनं हात वर केला.

"सर, त्या पाच जणींत मी कितवी?"

हेडसर म्हणाले, "अगं, सगळ्या तूच."

"पर यादीत मी न्हाय. दोन मार्कांनी ऱ्हायले. परवा लागली यादी."

कुणालाच माहीत नव्हतं. पाच खात्यांनी तिला नोकरीला लावलं होतं आणि एकानंही यादी बघितली नव्हती. मीही नाही. माझं पेन उघडंच राहिलं.

क्रीडा साहेब घसा खाकरून म्हणाले, "मग बाळ, शून्य लिहायचं का?"

ती उठली, टेबलापाशी आली आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"शून्य नगं. एक लिवा, आनि फुडं 'तयारी चालू' लिवा. अब्बांनी अजून एक साल दिलंय."

मी लिहिलं. एक, तयारी चालू. शिपायानं आपली पाचाची बेरीज खोडली.

तर पावणं, तुमच्या भागातही असली समिती असंल, आणि आज ना उद्या तो रकाना तुमच्यापुढंही येईल. एवढंच मागणं हाय: आधी यादी बघा, आणि जेवढं झालंय तेवढंच लिवा.